‘पूर्वीच्या बायका कुठे कण्हत होत्या?’ – एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, सप्रेम नमस्कार.

मणक्यांच्या दुखण्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही मनापासून आणि रागाने लिहिलंत. बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात देते. कोकणातल्या बायकांनी जन्मभर लावण्या केल्या, कळशा वाहिल्या, म्हातारपणी त्या वाकल्या, पण कण्हत कोणी बसलं नाही. तुमच्या आई नव्वदीपर्यंत वाकूनच अंगण सारवत होत्या, दोन घास खाऊन उठायच्या आणि परत कामाला लागायच्या. मासे, नाचणी आणि ऊन असताना आपल्याकडे हाडं ठिसूळ होतीलच कशी? माझ्यासारखीने दुखण्याचं कौतुक मांडून बायकांना गोळ्यांच्या आणि अंथरुणाच्या नादी लावू नये. आणि जाता जाता तुम्ही लिहिलंत, ‘आमची हीसुद्धा हल्ली पाठ धरून चालते, पण कधी बोलत नाही.’

या शेवटच्या वाक्यासाठी मी हे सगळं लिहिते आहे.

आधी तुमच्या आईंबद्दल. मी त्यांना पाहिलेलं नाही, त्यांचा एक्स-रेही कोणी काढला नसणार, तेव्हा त्यांना काय झालं होतं हे मी सांगू शकत नाही. पण ‘दोन घास खाऊन उठायच्या’ हे वाचून मी थांबले. हाड ठिसूळ झालं की मणका पुढच्या बाजूने दबतो, मागची बाजू तशीच राहते, आणि चौकोनी मणक्याची पाचर होते. असे दोन-तीन मणके दबले की पाठ पुढे झुकते, उंची कमी होते, बरगड्यांचा खालचा काठ कंबरेच्या हाडापर्यंत येतो. मग पोटाला जागाच उरत नाही. चार घासांत पोट भरल्यासारखं होतं, आंबट वर येतं, पाखाडी चढताना दम लागतो. घरातली माणसं म्हणतात, आईचं खाणं पहिल्यापासून कमीच. मी स्वतः आता भरलं ताट जेवू शकत नाही. थोडं थोडं, दिवसातून पाच वेळा खाते.

त्या बोलल्या नाहीत म्हणजे दुखत नव्हतं, हे मला मान्य नाही. बोलून काय होणार होतं? गावात त्याला नाव ठरलेलं: उसण भरली. मग तेल चोळायचं, शेक द्यायचा, पायाळू माणसाला बोलावून पाठीला पाय लावून घ्यायचा. माझा पहिला मणका एसटीच्या मागच्या सीटवर एका खड्ड्यात दबला, तेव्हा मलाही हेच सगळे उपाय सांगितले गेले. पाय लावून घेण्याची तयारी झाली होती, माझ्या सुनेने अडवलं म्हणून वाचले. नुकत्याच दबलेल्या मणक्यावर कोणी जोर दिला तर काय होईल, याचा विचार करा. ठिसूळ हाडांमुळे दबलेल्या मणक्यांपैकी जेमतेम एक तृतीयांश डॉक्टरांपर्यंत पोचतात. बाकीचे उसण, लचक, वय झालं, यातच जमा होतात. मोठ्या गावातल्या एका डॉक्टरांनी मलाही पाठीला हात न लावता ‘वय झालं, आराम करा’ एवढंच सांगून परत पाठवलं होतं.

अंगावर काढण्याची किंमत काय, तेही सांगते. एक मणका दबल्यावर पुढच्या वर्षभरात दुसरा दबण्याची वेळ साधारण पाचातल्या एका बाईवर येते. मी दुखण्याबद्दल इतकं लिहिते ते याचसाठी. पहिल्या दुखण्याकडे वेळेवर लक्ष गेलं तर पुढचा मणका वाचवता येतो.

कोकणात हाडं ठिसूळ कशी, याचं उत्तर फार अवघड नाही. पाळी गेली की बाईच्या शरीरातलं इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी होतं आणि हाडांची झीज झपाट्याने वाढते. ती गुहागरला राहते की नागपूरला, याने त्यात फरक पडत नाही. ऊन भरपूर असलं तरी चार महिने आभाळ झाकलेलं, बाई अंगभर साडीत आणि निम्मा दिवस स्वयंपाकघरात, शिवाय वय वाढेल तसं कातडीचं ड जीवनसत्त्व बनवणंही कमी होतं. नाचणी उत्तम आहे, १०० ग्रॅममध्ये ३५० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. पण या वयात दिवसाला १००० ते १२०० लागतं, आणि एका भाकरीत पीठ मावतं किती? मासळीचं कॅल्शियम तिच्या काट्यात असतं. मांदेली कुरकुरीत तळून काट्यासकट खाल्ली तर ते मिळतं, सुरमईच्या तुकडीतून फारसं मिळत नाही. आणि सुरमई आली तरी घरातल्या बाईच्या ताटात काय उरतं, हे आपल्याला दोघांनाही माहीत आहे.

आता अंथरुणाबद्दल. या बाबतीत आपण एकाच बाजूला आहोत, भाऊ. पडून राहिल्याने हाड आणखी झिजतं आणि पाठीचे स्नायू गळतात. सुरुवातीचे थोडे दिवस, कळ असह्य असते तोवर आराम हवा, पण मग उठायलाच हवं. फक्त कसं उठायचं ते शिकावं लागतं. मला एका फिजिओथेरपिस्ट मुलीने शिकवलं. पाठीवर झोपलेलं असताना सरळ उठून बसायचं नाही. दोन्ही गुडघे वर घ्यायचे, मग खांदे आणि कंबर एकदम, मध्ये पीळ न पडता, कुशीवर वळवायचे. पाय खाटेच्या कडेवरून खाली सोडायचे आणि ते खाली जात असतानाच वरच्या हाताच्या तळव्याने आणि खालच्या कोपराने गादीवर जोर देत अंग वर आणायचं. श्वास रोखायचा नाही. काठावर क्षणभर बसायचं, पाय जमिनीवर घट्ट टेकले की मग उभं राहायचं. यासाठी मी जमिनीवरची गादी सोडून खाटेवर आले. सुरुवातीला हे करताना डोळ्यांत पाणी यायचं, आता अंगवळणी पडलंय.

कंबरेतून वाकून वजन उचलणं हा या आजारातला सगळ्यात मोठा धोका आहे. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये १९८४ साली पाठीची हाडं ठिसूळ झालेल्या ५९ बायकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पुढे वाकण्याचे व्यायाम केलेल्या गटात ८९ टक्के बायकांचे मणके पुन्हा दबले, पाठ मागे ताणण्याचे व्यायाम केलेल्या गटात १६ टक्के. अभ्यास लहान होता, पण आजही व्यायाम सांगताना हा फरक पाळला जातो. म्हणून पायाचे अंगठे धरायची आसनं मी बंद केली. भिंतीला पाठ लावून खांदे मागे नेणं, पालथं झोपून छाती जराशी उचलणं, असं रोज करते, तेही शिकवणाऱ्याला विचारून. वाडीत नारळ पडला तर गुडघ्यात वाकते, एक हात माडाला. दोन नारळ असतील तर दोन खेपा. अंगण सारवणं सोडलं. विळी ओट्यावर आली नाही, सुरी आली. गणपतीत मोदक मी अजूनही करते, पण खुर्चीवर बसून, पुढे टेबल घेऊन, आणि पाठ भरून यायच्या आधी उठून दहा मिनिटं आडवी होऊन येते. पाठ भरून आल्यावर आडवं झालं तर संध्याकाळ वाया जाते, हे मला कळायला बराच काळ गेला.

हाड साधारण दोन-तीन महिन्यांत जुळतं. मग वर्षानुवर्षं दुखतं ते का? पाठीचा आकार बदललेला असतो, पुढे गेलेलं अंग सांभाळायला स्नायू दिवसभर ताणलेले राहतात, मणक्यांमागच्या सांध्यांवर भार येतो. हा ठणका म्हणजे रोज नवीन काही मोडतंय असं नाही, हे मला कोणी नीट सांगितलं तेव्हा माझी निम्मी भीती गेली आणि मी परत समुद्रावर फिरायला जाऊ लागले. उलट एकदम नव्या जागी कळ आली, पाय लुळे किंवा बधिर वाटले, लघवीवरचा ताबा गेला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

गोळ्यांचं म्हणाल तर रोज तीव्र वेदनाशामक घ्या असं मी कुठेच लिहिलेलं नाही. या वयात त्या पोटाला, मूत्रपिंडाला, रक्तदाबाला बाधतात. मी पॅरासिटामॉल घेते, डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत, दुपारच्या कामाआधी. गावोगाव सांधेदुखीच्या बिननावाच्या पुड्या मिळतात, त्यांना मात्र हात लावू नये. दोन दिवसांत चमत्कार दिसला तर आत स्टेरॉईड असण्याची शक्यता असते, आणि स्टेरॉईड हाडंच पोखरतं.

हाडासाठीची औषधं वेगळी. ती दुखणं लगेच थांबवत नाहीत, पुढचा मणका दबण्याचा धोका कमी करतात. आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी असते: सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर, आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, चहासुद्धा नाही. वर्षातून एकदा सलाईनमधून द्यायचं औषध असतं. सहा महिन्यांनी घ्यायचं एक इंजेक्शन आहे, पण ते मनाने मधेच सोडलं तर मणके एकापाठोपाठ दबू शकतात, म्हणून ते सुरू करण्याआधी पुढचा विचार करावा लागतो. कोणाला काय, हे तपासणाऱ्या डॉक्टरांनीच ठरवायचं.

आता वहिनींसाठी, आणि हे या आठवड्यातच करा. त्यांना भिंतीला उभं करून उंची मोजा आणि जुन्या कुठल्या कागदावर नोंद असेल तर ताडून पाहा. नसेल तर विचारा, नेहमीची साडी हल्ली लांब पडते का, वरच्या फळीवरचा डबा हाताला येईनासा झालाय का. चार सेंटिमीटरच्या वर उंची गेली असेल तर हाडांच्या डॉक्टरांकडे न्या आणि पाठीचा एक्स-रे बाजूनेही काढायला सांगा, समोरून काढलेल्यात दबलेला मणका सहज निसटतो. ड जीवनसत्त्वाची रक्ततपासणी आणि डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी, लागेल का, तेही विचारा. जाताना एसटीत पुढे, दोन चाकांच्या मधली जागा धरा, आणि पिशवी तुम्ही घ्या. तोवर पाठ चोळू देऊ नका, पाय लावून घेऊ देऊ नका, विहिरीवर पाठवू नका.

आणि डॉक्टरांसमोर वहिनींनाच बोलू द्या. कधीपासून दुखतंय, कुठे दुखतंय, रात्री कुशीवर वळता येतं का, हे त्या एकट्याच सांगू शकतात.