रंग सावळा, बांधा मध्यम

परवा पेपरात पुन्हा तो चौकोन दिसला. ‘अनोळखी पुरुष जातीचे प्रेत, वय अंदाजे ४५ ते ५०, रंग सावळा, बांधा मध्यम. वरील वर्णनाच्या इसमाबाबत माहिती असल्यास पोलीस ठाण्याशी संपर्क साधावा.’ सोबतचा फोटो इतका काळा छापलाय की नाक कुठे नि डोळे कुठे ते कळत नाही.

आमच्या घरात हे चौकोन २००६ पासून वाचले जातात. माझे मोठे चुलते, अण्णा, त्या उन्हाळ्यात बाजाराला म्हणून घराबाहेर पडले ते परत आलेच नाहीत. मिसिंग नोंदवायला काकूबरोबर मी गेलो होतो. काकू सांगत होती: उजव्या हाताची करंगळी गुऱ्हाळाच्या चरकात सापडून अर्धी तुटलेली. मनगटाच्या आतल्या बाजूला आईचं नाव गोंदलेलं, त्यातला शेवटचा काना नीट उमटला नव्हता. अंगातला शर्ट गावातल्या शिंप्याने शिवलेला, कॉलरला त्याचं लेबल. लिहून घेणाऱ्याने ऐकून घेतलं, मानही हलवली. पंधरा दिवसांनी शोधपत्रक निघालं. रंग सावळा, बांधा मध्यम. करंगळी नाही, गोंदण नाही, लेबल नाही.

या वर्णनाची माणसं आमच्या एका एसटीत वीस सापडतील.

म्हणूनच इंटरपोलच्या ‘आयडेंटिफाय मी’ मोहिमेबद्दल मी मिळेल ते वाचत असतो. अनोळखी मृतदेहाची माहिती इंटरपोल ‘काळी नोटीस’ काढून देशोदेशीच्या पोलिसांना पाठवतं. ही नोटीस एरवी पोलिसांपुरतीच असते. मे २०२३ मध्ये नेदरलँड, बेल्जियम आणि जर्मनीच्या पोलिसांनी बावीस जुन्या प्रकरणांतल्या नोटिसांचा काही भाग पहिल्यांदाच लोकांसमोर ठेवला. त्या सगळ्या बायका होत्या. बहुतेकींचे खून झालेले, नाव एकीचंही माहीत नाही. पुढच्या वर्षी फ्रान्स, इटली आणि स्पेन आले आणि आकडा ४६ वर गेला. पोलिसांनी नुसते तयार केलेले चेहरे दाखवले नाहीत. दागिने दाखवले, कपडे दाखवले, अंगावरच्या खुणा दाखवल्या.

त्यातली एक बाई जून १९९२ मध्ये अँटवर्पच्या नदीत जाळीला अडकलेली सापडली होती. डाव्या हातावर काळ्या फुलाचा टॅटू, हिरवी पानं, खाली काही अक्षरं. पोलिसांसाठी एकतीस वर्षं ती फक्त ‘फुलाच्या टॅटूवाली बाई’ होती. ब्रिटनमधल्या एका कुटुंबाने बातमीत तो टॅटू पाहिला आणि ओळखला. त्यांची मुलगी फेब्रुवारी १९९२ मध्ये कार्डिफहून अँटवर्पला गेली होती, मे महिन्यात तिचं शेवटचं पोस्टकार्ड आलं, पुढे काहीच नाही. खुनी अजून सापडलेला नाही. पण मुलगी कुठे गेली हे घरच्यांना कळलं, आणि तपासालाही पहिल्यांदा धागा मिळाला. मेलेली कोण हेच माहीत नसेल तर तिला शेवटचं कुणी पाहिलं, हे पोलीस विचारणार तरी कुणाला?

टॅटू पोलिसांकडे पहिल्या दिवसापासून होता. ओळखू शकणाऱ्या माणसांपर्यंत तो पोचायला एकतीस वर्षं लागली.

आपल्याकडे असं काही म्हटलं की उत्तर ठरलेलं असतं, ‘तपासात बाधा येईल.’ हे मी झटकून टाकत नाही. खुनाच्या तपासात एखादी गोष्ट फक्त मारणाऱ्याला ठाऊक असते. ती बाहेर फुटली की खोटा कबुलीजबाब कुठला नि खरा कुठला, हे ताडून पाहायचं साधनच जातं. ती गोष्ट झाकूनच ठेवावी.

आणि चुकीची माहिती जोरात वाजवली तर काय होतं, तेही इंग्लंडने पाहिलंय. तिथल्या यॉर्कशायर भागात एकामागून एक बायकांचे खून होत होते. त्या तपासात जून १९७९ मध्ये पोलिसांच्या हाती एक टेप आली. आवाज खुन्याचाच आहे असं धरून पोलिसांनी ती पत्रकार परिषदेत वाजवली, पबांत ऐकवली, फोनवर ऐकायची सोय केली. बोलण्याचा हेल ईशान्य इंग्लंडचा होता. ज्याचा हेल तसा नाही, तो संशयातून सुटत गेला. खरा खुनी पीटर सटक्लिफ जानेवारी १९८१ मध्ये पकडला गेला, तोवर आणखी तीन बायकांचे खून झाले होते. टेप एका भलत्याच माणसाचा खोडसाळपणा निघाली. पाकिटाच्या गोंदावरच्या लाळेतून डीएनए मिळाला आणि २००६ मध्ये त्याला आठ वर्षांची शिक्षा झाली.

पण टेपचा आवाज हा पोलिसांचा अंदाज होता. तुटकी करंगळी हा अंदाज नाही, ती पंचनाम्यात लिहिलेली असते. गोंदण, जोडवी, शिंप्याचं लेबल, खिशातलं तिकीट हे सगळं पंच समोर बसवून उतरवून घेतलेलं असतं, आणि मग ते कागद फाईलमध्येच राहतात. खुनाच्या प्रकरणात काही वर्षांनी ‘अ समरी’ होते, म्हणजे गुन्हा खरा, आरोपी मिळाला नाही. नवा पुरावा आला तर कायद्याने पुढचा तपास करता येतो. पण पुरावा ज्याच्याकडे आहे त्याला आपल्याकडे पुरावा आहे हे कळायचं कसं?

माझी मागणी मोठी नाही. पाच वर्षं उलटून गेलेल्या प्रत्येक अनोळखी मृतदेहाच्या पंचनाम्यातल्या खुणा, वस्तूंच्या स्वच्छ फोटोंसह, मराठीत, जिल्ह्याबाहेरही दिसतील अशा जाहीर करा. प्रेताचा चेहरा छापू नका, तो पाहवत नाही आणि ओळखूही येत नाही. हातातलं कडं छापा, शर्टाची कॉलर छापा, गोंदण छापा. हे वाचणाऱ्यांत पोलीस खात्यातलं कुणी असेल तर त्यांना हात जोडून विनंती आहे, जुन्या फाईलींमधली ती पानं एकदा काढून पाहा.

काकू आता सत्तरीपुढे गेलीय. नजर अधू झालीय, म्हणून चौकोन मीच वाचून दाखवतो. रंग, बांधा, उंची तिला नको असतात. ती मला मध्येच थांबवते आणि विचारते, ‘बोटाचं काही लिहिलंय का?’