दोन मॉनिटरला दोन ग्राफिक्स कार्डं लागतात म्हणणाऱ्या दुकानातून सरळ उठून या

डोकं फिरलंय माझं. तीन आठवडे झाले, रोज रात्री ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, टाकतोय, काढतोय, परत टाकतोय, आणि कशासाठी तर एका जुन्या मॉनिटरला फक्त व्हीजीए हे जुनं पोर्ट आहे म्हणून!

माझ्याकडे आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड आहे, १२ जीबीवालं, त्यावर १४४ हर्ट्झचा मॉनिटर मस्त चालला होता. बाबांच्या ऑफिसातून जुना मॉनिटर मिळाला, म्हटलं बाजूला लावू, गेम चालू असताना डिस्कॉर्ड नि यूट्यूब त्यावर. ३०६० ला व्हीजीए नसतं. तर आम्ही इतकी वर्षं ज्याच्याकडून सामान घेतो तो इथला इंदूरचाच दुकानवाला म्हणतो, "भिया, टेंशन मत लो, नीचे वाले स्लॉट में जीटी ७१० डाल दो, लोड भी बँट जाएगा."

७१० ला व्हीजीए आहे, ठीक, पण अरे, कसला लोड बँट जाएगा?? ३०६० ला एसएलआय, म्हणजे दोन कार्डं जोडून एकच काम करवायची सोय, नाहीच, आणि असतं तरी त्याला दोन्ही कार्डं सारखीच लागतात. विंडोजवर गेम ज्यातून कार्ड वापरतात त्या डायरेक्टएक्स १२ मध्ये दोन वेगळी कार्डं एकत्र वापरता येतात खरी, पण ते गेम बनवणाऱ्याने स्वतः लिहावं लागतं आणि जवळजवळ कोणीच लिहीत नाही. एकात ३५८४ कुडा कोर, म्हणजे हिशोब करणारे छोटे भाग, दुसऱ्यात १९२. बैलगाडीला ट्रक जुंपायचा का?

आणि ड्रायव्हर. इथेच माझ्या सगळ्या रात्री गेल्या. ७१० हे केपलर नावाच्या जुन्या पिढीच्या चिपचं कार्ड, आणि केपलरला नवीन गेम रेडी ड्रायव्हर (नव्या गेमसाठीचे) ऑक्टोबर २०२१ पासून मिळत नाहीत. दोन्ही कार्डं एनव्हिडिया कंपनीची, म्हणजे ड्रायव्हर दोघांना चालेल असाच एक हवा. नवा टाकला की ७१० ला ड्रायव्हरच राहत नाही, बाजूचा मॉनिटर विंडोजच्या कामचलाऊ बेसिक डिस्प्लेवर जातो आणि सगळं धूसर, फाटलेलं दिसतं. ४७० नंबरचा जुना ड्रायव्हर टाकला की दोन्ही मॉनिटर सुरू, पण नवीन गेम म्हणतो ड्रायव्हर जुना आहे, अपडेट करा. करा काय करा, केला की परत तेच! ही गोष्ट कंपनीने उघड सांगितलेली आहे हो, लपवलेली नाही. रोज कार्डं विकणाऱ्या माणसाला माहीत नसेल तर त्याने विकू नये, आणि माहीत असूनही विकलं असेल तर मग काय बोलायचं.

बरं, दोन्ही चालले तरी सुख नाही. ब्राउझर ३०६० वर चालतो आणि दिसायचा असतो ७१० च्या मॉनिटरवर, म्हणजे प्रत्येक फ्रेम मदरबोर्डावरून त्या कार्डात कॉपी होणार, इकडे मॅच रंगात आली की तिकडे व्हिडिओ अडखळणार. एकदा चुकून जुना मॉनिटर मेन झाला तर गेम सरळ ७१० वरच उघडला, सेकंदाला पाच-सहा फ्रेम, मला वाटलं ३०६० जळालं, माझे हातपाय गार पडले. त्यात हे कार्ड बसलंय नेमकं ३०६० च्या पंख्यांच्या खाली, हवा येते तीच जागा अडवून, आणि आमच्या लोकमान्य नगरच्या वरच्या मजल्यावर मे महिन्यात खोली आधीच भट्टी असते.

खरा राग कशाचा येतो सांगू? ३०६० एकटं चार मॉनिटर चालवतं. चार! त्याचं एचडीएमआय पोर्ट रिकामंच होतं, नुसता एचडीएमआय टू व्हीजीए कन्व्हर्टर लावायचा होता, काही शे रुपयांचा. काल शेवटी मित्राकडून तो मागून आणला, ७१० उपटून काढलं, नवा ड्रायव्हर टाकला, दहा मिनिटांत दोन्ही मॉनिटर सुरू. दहा मिनिटं!

चार हजार दोनशे दिलेत मी त्या कार्डाचे, ट्यूशन घेऊन साठवलेले. आज परत द्यायला गेलो तर म्हणे डब्बा खुल गया, अब नहीं होगा. न उघडता कळणार कसं होतं? बिल आहे माझ्याकडे. शनिवारी दादाला घेऊन परत जातोय, आणि पैसे घेतल्याशिवाय तिथून हलणार नाही.