"लिरा पडलाय, तुर्की स्वस्त आहे" हे सांगणं आता बंद करा

ट्रिपच्या गप्पांत एक जण हमखास असतो: "तुर्कीला, अंताल्या शहरात जा रे, लिरा पार कोसळलाय, राजासारखं राहशील." हे ऐकलं की डोकं फिरतं. लिरा कोसळला हे खरंच आहे. २००९ साली २०० लिऱ्यांची नोट आली तेव्हा तिचे सव्वाशे डॉलर येत होते, आज पाचही येत नाहीत. पण किमती काय जागेवर बसून होत्या? ऑक्टोबर २०२२ मध्ये महागाईचा सरकारी आकडाच ८५ टक्क्यांच्या पुढे गेला होता. चार-पाच वर्षांपूर्वी कोणी लिहून ठेवलेले लिऱ्यांतले भाव आज रद्दी आहेत, आणि लोक त्याच भावांवर बजेट बांधून विमानात बसतात.

सगळ्यात जास्त चीड येते ती तिकिटांची. परदेशी माणसासाठी प्राचीन अवशेषांचे दर युरोत आहेत. २०२५ चे दर बघा: अंताल्याजवळच्या आस्पेंडोसला १५ युरो, पेर्गेला ११ युरो. दोन जागांचे माणशी २६ युरो, म्हणजे अडीच हजार रुपयांच्या वर. चौघांचं कुटुंब असेल तर दहा हजार फक्त दगड बघायला. तिथल्या नागरिकांना लिऱ्यात वर्षभराचं कार्ड मिळतं, त्याबद्दल तक्रार नाही; ताजमहालाला आपणही परदेशी पाहुण्याकडून ११०० रुपये घेतो. पण दर युरोला बांधले की लिरा कितीही पडो, तुमचा एक पैसा वाचत नाही. 'लिरा पडलाय'वाल्यांना हे एवढं साधं गणित का कळत नाही? त्यात पेर्गेचे ते अप्रतिम पुतळे ज्या अंताल्या संग्रहालयात होते, ते २०२५ मध्ये जुनी इमारत भूकंपाला तोंड देणार नाही म्हणून बंद केलं. जुने लेख वाचून आजही लोक त्यासाठी अख्खा दिवस राखून ठेवतात.

तिथे पोचायचं कसं, हेही कोणी नीट सांगत नाही. पेर्गे सोपं आहे: ट्रामची टी १ लाइन पकडा, आक्सूला उतरा, तिथून साधारण दोन किलोमीटर चाला. रस्त्यात सावली नाही, आत तर नाहीच, त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये दार उघडताच हजर राहा. आस्पेंडोससाठी ओतोगार म्हणजे मोठ्या बस स्टँडवरून सेरिककडची मिनीबस घ्यावी लागते, आणि अवशेष हमरस्त्यापासून चारेक किलोमीटर आत. तिथे टॅक्सीवाला भेटतो तेव्हा जाणं, थांबणं, येणं असं सगळं एका रकमेत बसायच्या आधी ठरवा. सगळ्यात वाईट फसगत तेरमेसोसची. "बस जाते" असं बिनधास्त सांगतात. बस जाते ती महामार्गावरच्या उद्यानाच्या फाटकापर्यंत, आणि अवशेष तिथून नऊ किलोमीटर वर डोंगरात! गाडी नसेल तर तेरमेसोस यादीतून काढून टाका.

आता पैसे. रुपये नेऊन उपयोग नाही. युरो किंवा डॉलर न्या आणि विमानतळावर बदलू नका, तिथला दर अंगावर येतो. विमानतळावरून येणाऱ्या ट्रामला साधं बँकेचं काँटॅक्टलेस कार्ड चालतं, त्यामुळे शहरात येईपर्यंत लिरे लागतच नाहीत. इस्मेतपाशा थांब्यावर उतरलात की कालेइची, म्हणजे जुनं शहर, पाच-सात मिनिटांच्या चालीवर. मात्र भारतीय कार्डावर परदेशी वापर आणि काँटॅक्टलेस या दोन सोयी वेगवेगळ्या चालू कराव्या लागतात. एकच चालू करून निघालेला माणूस ट्रामच्या फाटकावर अडकतो. एटीएम पडद्यावर स्वतःचं शुल्क दाखवतं. जास्त वाटलं तर रद्द करा आणि शेजारच्या बँकेत जा, प्रत्येकीचं शुल्क वेगळं असतं. मशीन "तुमच्या चलनात रक्कम कापू का?" असं विचारेल. नाही म्हणा. दुकानातलं कार्ड मशीनही हाच प्रश्न विचारतं, आणि कधीकधी दुकानदारच परस्पर युरोचं बटण दाबतो. पावतीवर लिरे नसतील तर व्यवहार रद्द करायला लावा, भीड धरू नका.

खाण्याच्या बाबतीतही तेच. हाद्रियनच्या दरवाजातून कालेइचीत गेलं की गल्लीगल्लीत मेनू हातात घेऊन बोलावणारे उभे. २०२४ पासून दरपत्रक दारावर लावणं कायद्याने बंधनकारक आहे. दिसत नसेल तर आत पाऊल टाकू नका. कालेइचीच्या बाहेर पडा, जिथे दुकानात काम करणारी माणसं जेवतात त्या लोकांता, म्हणजे साध्या खाणावळी, शोधा. मसुराचं सूप, बरोबर पाव, तिळाच्या ताहिनीतला अंताल्याचा पियाझ (घेवड्याची कोशिंबीर), एवढ्यात पोट भरतं. शाकाहारी असाल तर सूप हाडांच्या पाण्यातलं आहे का ते विचारा. दुकानातला चिय कोफ्ते नावाने मांसाचा वाटला तरी गव्हाच्या दलियाचा असतो. पोळीत गुंडाळून मिळतो आणि खिशाला परवडतो. पाणी बिम किंवा शोकसारख्या दुकानातून पाच लिटरचं घ्या, बंदरावर अर्धा लिटर घेत बसू नका.

हॉटेलचं अजून कोणी सांगत नाही म्हणून सांगतो. बुकिंग डॉट कॉमवर २०१७ च्या कोर्टाच्या निकालापासून तुर्कीत बसून तुर्कीतली हॉटेलं आरक्षित करता येत नाहीत. "तिथे पोचून बघू" म्हणणारा रात्री रस्त्यावर बॅग घेऊन उभा राहतो आणि समोरचा सांगेल तो भाव देतो. निघण्याआधी घरूनच करा, आणि २ टक्के निवासकर धरलाय का ते बघा.

आणि व्हिसा! भारतीय पासपोर्टवर ऑनलाइन ई-व्हिसा हवा असेल तर शेंगेन, अमेरिका, ब्रिटन किंवा आयर्लंडचा चालू व्हिसा किंवा निवास परवाना हातात लागतो. तो नसेल तर नेहमीचा व्हिसा काढायचा, म्हणजे कागदपत्रं, फी, वाट बघणं हे सगळं आलं. हा खर्च 'स्वस्त तुर्की'च्या हिशोबात कुणीच कधी धरत नाही.