हळद लागलेला लॅपटॉप

सांगलीच्या मार्केट यार्डात लॅपटॉप हळू झाला की त्याच्या आजाराचं निदान तो उघडण्याआधीच होतं. दिवाणजी म्हणतात, "व्हायरस शिरलाय." शेजारच्या अडत दुकानातला पोरगा म्हणतो, "फॉरमॅट मारून टाका काका, पळतोय बघा कसा." वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजात शिकणारा भाचा म्हणतो, "मामा, नवाच घ्या," कारण जुना कुणाकडे जाणार हे त्याला ठाऊक असतं. लॅपटॉप उलटा करून खालची जाळी बघायचं मात्र तिघांनाही सुचत नाही.

मी जुन्याच्या बाजूचा. मोठ्या कंपन्यांनी वापरून विकलेले थिंकपॅड टी४८०, लॅटिट्यूड ७४९०, एलिटबुक ८४० जी५ हे २०१८ च्या सुमाराचे गडी आहेत. रॅमचे दोन स्लॉट, बदलता येणारी एसएसडी (फाइली साठवायचा भाग) आणि साध्या फिलिप्स पान्याने उघडणारं पोट. घेताना झाकणावरच्या कंपनीच्या स्टिकरवर भाळू नका. आधी बायॉसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, शिरता येतं का बघा. तिथे सुपरवायझर पासवर्ड निघाला तर विकणारा हमखास सांगतो, "सेल काढला की जातो ओ." थिंकपॅडमधून तो जात नाही. लॅपटॉपच परत द्या.

त्या सेलची ख्याती मात्र वेगळ्याच कामात आहे. आत वायर जोडलेला सीआर२०३२ सेल असतो. तो मेला आणि मोठी बॅटरीही पूर्ण उतरली, की लॅपटॉपची तारीख काही वर्षं मागे जाते. मग ब्राउझरला प्रत्येक वेबसाइटचं प्रमाणपत्र खोटं वाटतं आणि जीएसटीचं पोर्टल उघडत नाही. हे नेमकं २० तारखेला, जीएसटीचं ३बी विवरणपत्र भरताना घडतं. इंटरनेटवाल्याला फोन जातो, राउटर तीनदा बंद-चालू होतो, सरकारच्या नावाने बोटं मोडून होतात. कोपऱ्यातली तारीख कुणी वाचत नाही. घड्याळात घालतात तो सुटा सेल इथे चालत नाही. वायर आणि प्लग असलेलाच मागा.

आता पोट उघडणं. टी४८० ला दोन बॅटऱ्या असतात, एक बाहेरून निघणारी आणि एक आत दडलेली. म्हणून चार्जर काढायचा, सुरू करताना एफ१ दाबून बायॉसमध्ये जायचं आणि कॉन्फिग, पॉवर या वाटेने 'डिसेबल बिल्ट-इन बॅटरी' निवडायचं. लॅपटॉप बंद पडतो. त्यानंतर बटण कितीही दाबा, तो ढिम्म राहतो. इथेच घरातलं वातावरण बदलतं, "मी म्हणत होते, हात लावू नका" हे वाक्य येतं. घाबरायचं कारण नाही, काम संपल्यावर चार्जर लावला की तो उठतो. खालच्या झाकणाचे सहा स्क्रू सैल करा. ते झाकणातच अडकून राहतात, ओढत बसू नका. मग कडेच्या खिट्या सोडवायच्या. त्यासाठी जुनं एटीएम कार्ड घ्या, स्क्रूड्रायव्हर नको. खिटी सुटताना 'कट्ट' असा आवाज होतो. तो मोडल्याचाच वाटतो, बहुतेक वेळा नसतो.

आत जे दिसतं ते यार्डात राहणाऱ्यालाच कळेल. हळदीच्या हंगामात सौदे चालू असतात, पोती ओतली जातात, आणि ती पिवळी धूळ पंखा इमानदारीने आत ओढतो. पंखा आणि तांब्याच्या पत्र्यांची जाळी यांच्यामध्ये गोधडीसारखा थर बसतो. बाहेरून ब्लोअर मारल्याने तो जागचा हलत नाही, उलट आणखी घट्ट बसतो. पंखा सोडवून तो थर चिमट्याने उचलावा लागतो. ब्लोअर मारायचाच तर पंख्याचं पातं टाचणीने अडवून धरा. मोकळं सोडलं तर ते भलत्याच वेगाने गरगरतं आणि बेअरिंगची वाट लागते. तो 'व्हायरस' बहुतेक वेळा इथे सापडतो. गरम झालेला प्रोसेसर स्वतःचा वेग उतरवतो, आणि फॉरमॅट मारल्याने धूळ जात नाही.

हीटसिंक, म्हणजे प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग, काढलाच तर स्क्रूंजवळ १, २, ३, ४ असे आकडे कोरलेले दिसतील. कसताना त्याच क्रमाने, सोडताना उलट. वाळलेली पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. सॅनिटायझरने नाही, त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं. नवी पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी पुरते. 'जरा जास्त लावा, थंड राहील' हा सल्ला भाताला तूप वाढण्याच्या सवयीतून येतो.

रॅमबद्दल थोडक्यात. १६ जीबीची एक पट्टी घेण्यापेक्षा ८-८ च्या दोन बऱ्या, कारण दोन्ही वाटा चालू राहतात. याहून जुन्या पिढीतला, डीडीआर३एल जातीच्या रॅमचा लॅपटॉप असेल तर १.३५ व्होल्टचीच पट्टी घ्या. १.५ व्होल्टची खाचेत बसते, पण लॅपटॉप सुरू होईलच असं नाही. रॅम बदलल्यावर पहिल्यांदा पडदा मिनिटभर काळा राहू शकतो. तेवढा वेळ बटणाला हात लावायचा नाही. हा सगळ्या कामातला सर्वांत अवघड टप्पा.

एसएसडीत पैसे उधळू नका. टी४८० च्या अडीच इंची जागेत एनव्हीएमई, म्हणजे वेगवान जातीची एसएसडी, बसवायला वेगळं अडॅप्टर लागतं आणि तिथे पीसीआयईच्या (माहिती ये-जा करण्याच्या) दोनच लेन मिळतात, त्यामुळे सर्वांत महागडीचा निम्मा वेग वाया जातो. टॅली उघडायला मधली पुरते. बायॉस अपडेट करण्याआधी बिटलॉकर (विंडोजचं माहितीला लागलेलं कुलूप) थांबवा आणि त्याची ४८ अंकी की कागदावर लिहून ठेवा. नाहीतर लॅपटॉप ती मागतो आणि ती 'बहुतेक त्या पहिल्या मालकाकडे' असते. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला अधिकृतपणे किमान इंटेलच्या आठव्या पिढीचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते. टी४७० त्याआधीच्या पिढीचा, म्हणून तो स्वस्त मिळतोय हे ऐकून खिशात हात घालू नका.

दुकानातला लॅपटॉप कायम चार्जरला जोडलेला असतो, त्याची चार्जिंग मर्यादा ८० टक्क्यांवर ठेवा. टचपॅड वर आलं किंवा त्याचं क्लिक बसेनासं झालं तर खाली बॅटरी फुगलेली असू शकते. ती दाबायची, टोचायची नाही. वापर बंद करून बदलायची.

कीबोर्डमध्ये भडंग सापडतंच, त्यावर इलाज नाही. तेलकट असल्याने कुरमुरा ब्लोअरलाही दाद देत नाही, ब्रश आणि चिकाटी लागते.

फिंगरप्रिंट नोंदवताना मात्र अंगठा घेऊ नका. तो हिशेबाच्या पट्टीवर, पोत्यात, हळदीत, सगळीकडे असतो आणि त्याच्या रेषा रोज वेगळ्या दिसतात. डाव्या हाताची करंगळी नोंदवा. ती सौद्यातही नसते, भडंगातही नसते.