अर्जदार व्हा, सुखी व्हा

महाराष्ट्र राज्याचा कारभार कसा चालतो हे समजून घ्यायची हौस काही लोकांना असते. तुम्हाला असेल तर वेळीच आवरा. नागरिकशास्त्र शाळेत इतिहासाच्या शेपटाला बांधलेलं असायचं आणि वर्ष संपत आलं तरी सरांची गाडी तिथवर पोचायची नाही. त्यामागे काहीतरी शहाणपण असणार, असं समजून सोडून द्या.

तरी चारचौघांत कुणी विचारलंच, तर एवढं सांगता आलं म्हणजे झालं. सगळ्यात वर राज्यपाल, आणि सगळं त्यांच्या नावानं चालतं. अक्षरशः नावानंच. कुठलाही जीआर उघडा, शेवटी ‘महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने’ ही ओळ सापडेल, आणि खाली सही कुणा कक्ष अधिकाऱ्याची किंवा उपसचिवाची. मग २८८ आमदारांची विधानसभा, ७८ जणांची विधान परिषद. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीनं मंत्र्यांच्या संख्येला १५ टक्क्यांचं कुंपण घातलं, त्यामुळे मुख्यमंत्री धरून ४३. बाकीच्यांची नाराजी दूर कशी करायची हे घटनेत लिहिलेलं नाही. त्यासाठी महामंडळं आहेत.

उपमुख्यमंत्री आणि पालकमंत्री ही पदंही घटनेत शोधत बसू नका, मिळणार नाहीत. तरीही जानेवारी २०२५ मध्ये पालकमंत्र्यांची यादी जाहीर झाली आणि दुसऱ्याच दिवशी नाशिक व रायगडच्या नेमणुकांना स्थगिती द्यावी लागली. घटनेत नसलेल्या पदासाठी एवढी ओढाताण कशाला, असं वाटेल. जिल्हा नियोजन समितीचा अध्यक्ष पालकमंत्री असतो, आणि जिल्ह्याचा निधी कुठल्या रस्त्याला लागायचा हे त्या बैठकीत ठरतं. पण हा तपशील तुमच्या कामाचा नाही. तुम्ही आपलं ‘नाराजीनाट्य’ बघा.

बघणं हेच तर तुमचं मुख्य कर्तव्य. पाच वर्षांतून एकदा बोटाला शाई लावून घ्यायची, त्या बोटाचा फोटो स्टेटसला टाकायचा आणि नंतर टीव्हीसमोर बसायचं. २३ नोव्हेंबर २०१९ ला महाराष्ट्र झोपेतून उठला तेव्हा राष्ट्रपती राजवट उठलेली होती आणि शपथविधीही उरकलेला होता. म्हणजे बघा, तुमची झोपमोड होऊ नये याचीसुद्धा काळजी घेतली जाते.

एखादं काम अडलंच, तर मंत्रालयात जा. सकाळी जाऊ नका, सामान्य माणसांची वेळ दुपारी दोननंतरची. अर्ज तीन प्रतींत न्या, सोबत आमदारांचं पत्र जोडा. मंत्र्यांची भेट झालीच तर ते अर्जाच्या कोपऱ्यात तिरपा शेरा मारतील, ‘नियमानुसार कार्यवाही करावी.’ त्या कोपऱ्याचा फोटो काढून गावच्या ग्रुपवर टाका. नियमानुसार कार्यवाही करायला शेरा कशाला लागतो, हे तिथे विचारायचं नसतं. आता तुमचा कागद आवक नोंदवहीतून सहायक कक्ष अधिकाऱ्याकडे जाईल, तिथून कक्ष अधिकारी, अवर सचिव, उपसचिव अशी पायरी पायरी चढेल आणि ‘जिल्हाधिकारी यांचा अहवाल मागवावा’ अशी टिपणी घेऊन, जिथून तुम्ही आलात त्या जिल्ह्यात तुमच्याआधी पोचेल. तिथून तहसीलदार, तिथून मंडळ अधिकारी, आणि शेवटी तलाठी भाऊसाहेब, ज्यांनी काम अडवलं म्हणून तुम्ही मुंबई गाठली होती. कुठल्याही कर्मचाऱ्यानं फाइल सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त अडवून ठेवू नये, असा २००५ चा दफ्तर दिरंगाईचा कायदा आहे. तो माहीत असल्याचं तोंडावर दिसू देऊ नका.

मंत्रालयाच्या मधल्या चौकात जाळी दिसेल. दाद मिळेना म्हणून लोक वरून उड्या टाकू लागले, तेव्हा २०१८ मध्ये ती बसवली. जनतेच्या गाऱ्हाण्यावर सरकारनं इतका झटपट आणि टिकाऊ उपाय क्वचितच केला असेल. ऑक्टोबर २०२४ मध्ये याच जाळीवर खुद्द विधानसभेचे उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ यांनी सहकारी आमदारांसह उडी घेतली. ज्यांनी सभागृह चालवायचं तेच दाद मागायला जाळीवर उतरले, मग तुम्हाला रांगेत उभं राहायची लाज का वाटावी? त्याच वर्षी डिसेंबरात ते मंत्री झाले. तुम्ही मात्र हा मार्ग धरू नका, तुम्हाला तिथून पोलीस ठाण्यात नेतात.

माहिती अधिकाराचा मोह झाला तर दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावा आणि लक्षात ठेवा, राज्याच्या नियमाप्रमाणे अर्जात विषय एकच हवा आणि मजकूर साधारण दीडशे शब्दांत बसायला हवा. तुमची तक्रार दीडशे शब्दांत मावत नसेल तर तक्रार लहान करा.

शहरातल्या वाचकांचं नशीब तर आणखी थोर. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढे साडेतीन वर्षांहून जास्त काळ तिथे एकही नगरसेवक नव्हता. २०२५-२६ चा ७४,४२७ कोटींचा अर्थसंकल्प झाला तेव्हा आयुक्तही तेच आणि प्रशासकही तेच. भांडण नाही, गोंधळ नाही, सभात्याग नाही. तुम्हाला तरी कुठे फरक पडला? आपला नगरसेवक कोण हे माहीत नसलेल्या माणसाला तो नसल्याचं दुःख कसं व्हावं?

राहता राहिली ग्रामसभा. सावध राहायला हवं ते इथेच. या सगळ्या उतरंडीत ही एकच सभा अशी आहे, जिचे तुम्ही स्वतः सदस्य आहात. निवडून यावं लागत नाही, पक्ष फोडावा लागत नाही, विधान परिषदेसारखी राज्यपालनियुक्तांची यादी लागत नाही. गावच्या मतदार यादीत नाव असलं की झालं. सरपंच थेट जनतेतून निवडायचा की सदस्यांमधून, यावर सरकारं २०१७, २०२० आणि २०२२ मध्ये कोलांट्या मारत राहिली, पण तुमचं सदस्यत्व कुणी काढून घेतलं नाही. तुम्ही ते वापरत नाही याची सगळ्यांना खात्री आहे.

वर्षाला किमान चार ग्रामसभा. साधारणपणे २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या आसपास. तिथे जमाखर्च वाचून दाखवतात, घरकुलाची यादी ठरते, पुढच्या वर्षीचा आराखडा मंजूर होतो. म्हणून झेंडावंदन झालं की जिलेबीचा पुडा घेऊन थेट घर गाठा. गणपूर्तीला १५ टक्के मतदार किंवा शंभर, यातली जी संख्या कमी असेल तेवढी माणसं लागतात. तेवढी जमली नाहीत की सभा तहकूब, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही. तेव्हा सरपंच, ग्रामसेवक आणि गटाराचा ठेका घेतलेले त्यांचे मेहुणे एवढ्यांत गावाचा वर्षभराचा कारभार बिनविरोध आटोपतो.

तुमच्या गैरहजेरीचीही चिंता नको. दोन-चार दिवसांनी शिपाई हजेरीचं रजिस्टर घेऊन दारात येईल. त्याला पाणी द्या, तुमच्या नावापुढे सही करा, घरातल्या बाकीच्यांच्याही करून टाका. वर ठराव काय लिहिलाय ते पान उलटून वाचत बसू नका, त्याला अजून अख्खी वरची आळी करायची असते.