शिबिरात पाय मिळतो, मग तज्ज्ञ कशाला?

व्हॉट्सॲपवर एक संदेश फिरतोय: ‘शिबिरात एका दिवसात जयपूर फूट फुकट मिळतो, थ्रीडी प्रिंटर आलाय, बेल्ट-बूट तर दुकानातही मिळतात. प्रोस्थेटिस्ट-ऑर्थोटिस्ट कमी आहेत ही ओरड खोटी.’ प्रोस्थेटिस्ट म्हणजे कृत्रिम हात-पाय बसवणारे तज्ज्ञ, ऑर्थोटिस्ट म्हणजे आधाराचे पट्टे-बूट बसवणारे.

एका दिवसात पाय. मिळतो, हे खरं. डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी जयपुरात घडवलेला हा पाय स्वस्त, अनवाणी चालायला आणि उकिडवं बसायला सोयीचा. पण दुखणं ठरतं ते वरच्या सॉकेटमध्ये, म्हणजे ज्या खोबणीत स्टंप (कापलेल्या पायाचा उरलेला भाग) बसतो तिथे. गुडघ्याखालच्या स्टंपवर गुडघ्याच्या वाटीखालचा स्नायुबंध भार सोसतो. बाहेरच्या बारीक हाडाचं डोकं आणि नडगीची धार सोसत नाहीत. म्हणून मोजा चढवून कॉपिंग पेन्सिलने या जागा आखायच्या, प्लास्टरचा साचा घ्यायचा, त्यातून स्टंपची प्रतिकृती ओतायची. मग स्नायुबंधापाशी ती तासायची आणि हाडांच्या जागी काही मिलिमीटर प्लास्टर वाढवायचं. इथे चुकलेला हात शिबिराच्या दिवशी कळतोच असं नाही. चार पावलं सगळेच चालून दाखवतात.

शिवाय पहिल्या वर्षात स्टंप आटतो. सॉकेट ढिलं पडतं, स्टंप आत घसरतो, टोक तळाला आपटतं. आधी मोज्यांचे थर वाढवायचे, ते फार झाले की सॉकेट नवं. मधुमेह्याला तर जखम होईपर्यंत कळतही नाही. त्याने पाय काढून रोज आरशात स्टंप पाहायचा. लाली वीसेक मिनिटांत गेली नाही, तर तिथे दाब जास्त आहे. सॉकेट तिथे मोकळं करणार कोण? शिबिर तर कधीच उठलेलं असतं.

थ्रीडी प्रिंटर. स्कॅनर आकार टिपतो. कातडीखाली हाड कुठे, मांस कुठे, दाबल्यावर कुठे कळ येते, हे हाताने चाचपूनच समजतं. तासायचं काम मग पडद्यावर होतं इतकंच, करणारा माणूस तोच. आणि चालताना गुडघा पुढे ढकलला जातोय की मागे, ते बघून पावलाचा कोन बदलणं कुठलाही प्रिंटर करत नाही.

टंचाई खोटी? जागतिक आरोग्य संघटनेच्या 2017 च्या मानकांनुसार दर दहा लाख लोकांमागे असे 5 ते 10 तज्ज्ञ हवेत. 2011 च्या जनगणनेतली महाराष्ट्राची 11.24 कोटी लोकसंख्या धरली, तरी 560 ते 1120 लागतात, तेही राज्यभर विखुरलेले. शिक्षण इंटर्नशिपसह साडेचार वर्षांचं. ते देणारी मुंबईत हाजी अलीची केंद्रीय संस्था आहे. लष्कराचं कृत्रिम अवयव केंद्रही पुण्यात. गडचिरोलीच्या माणसाला एक पट्टा बदलायला नागपूर गाठावं लागलं, तर मजुरी बुडते. दोन खेपांनंतर पाय कोपऱ्यात आणि कुबडी हातात.

दुकानातले बेल्ट-बूट. कंबरेचा साधा पट्टा घ्या खुशाल. पण जन्मतः आत वळलेल्या, वाकड्या पावलाच्या बाळाचा ब्रेस (दांडीला जोडलेले दोन बूट) तसा नाही. प्लास्टर सुटल्यावर तीन महिने दिवसाचे 23 तास, मग चार वर्षांचं होईपर्यंत झोपताना. त्यात बिघडलेलं पाऊल 60-70 अंश बाहेर वळवून ठेवायचं, चांगलं 30-40. बूट निसटत असेल तर बाळ रडतं, आई ब्रेस काढून ठेवते, पाऊल पुन्हा वळतं.

शिबिराला जरूर जा. मात्र माप घेणाऱ्याला भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारा, आणि तीन महिन्यांनी सॉकेट ढिलं झालं तर कुठे यायचं, तो पत्ता लिहून घ्या.