जाब बाईला नको, यंत्रणेला विचारा

शहाद्याच्या माझ्या मावसभावाचं ठाम मत आहे: आईकडून बाळाला होणारी एचआयव्हीची लागण थांबवायची तर गरोदर बाईची चाचणी सक्तीची करा आणि कोण बाधित आहे ते गावातल्या जबाबदार माणसांना कळवा. फोनवर आमचा यावरून बराच वाद झाला. त्याची कळकळ खरी आहे. उपाय घातक आहे.

मी इंग्लंडमध्ये लीड्सला राहते. इथे प्रत्येक गरोदर बाईला ही चाचणी करणार का, असं विचारतात. नको म्हणता येतं, तरी जवळजवळ सगळ्या जणी हो म्हणतात. बाधित निघाली तर तिच्या गरोदरपणाची राष्ट्रीय नोंद होते, गुप्तता राखून, आणि बाळाचा शेवटचा निकाल हाती येईपर्यंत ती बंद होत नाही. एखाद्या बाळाला लागण झालीच, तर कुठे चुकलं याची तज्ज्ञ छाननी करतात. उपचार नसतील तर १५ ते ४५ टक्के बाळांना लागण होते; इथे ते प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या खाली आलंय.

औषधं आपल्याकडेही आहेत, तीही मोफत. २०१४ पासून बाधित गरोदर बाईला आयुष्यभराची एआरटी, म्हणजे एचआयव्हीला आवर घालणारी औषधं, लगेच सुरू करायचं धोरण आहे. बाळाला लागण होऊ नये म्हणून नेव्हिरापिन या औषधाचं सिरप, सहाव्या आठवड्यात रक्ताची चाचणी, मग थेट अठराव्या महिन्यापर्यंत तपासण्या. पण नंदुरबारमधल्या अक्कलकुवा-धडगावच्या पाड्यांवरची कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जातात. चाचणी इकडच्या उपकेंद्रात, बाळंतपण बारडोलीकडे फडावरच्या कोपीत. रावेरची सून पहिल्या बाळंतपणाला माहेरी मध्य प्रदेशात बऱ्हाणपूरला जाते. राज्य बदललं की कागद इकडे आणि बाळ तिकडे.

शिवाय आईच्या दुधातूनही लागण होऊ शकते, म्हणून इथे इंग्लंडमध्ये बाधित आईला बाळाला वरचं दूध द्यायचा सल्ला देतात. पाड्यावर स्वच्छ पाण्याचीच मारामार, तिथे बाटलीचं दूध हाच मोठा धोका. बाळ अंगावरच पिणार, आणि अंगावरचं दूध सुटेपर्यंत आईच्या गोळ्या चुकता कामा नयेत. म्हणजे बाळावर लक्ष ठेवण्याची गरज इंग्लंडपेक्षा आपल्याला जास्त.

अशा बाईचं नाव गावात फुटलं तर? 'बठ्ठा गावले समजी जाई' या धास्तीने ती गोळ्या घ्यायलाच यायची नाही. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने संमतीशिवाय चाचणी करायला आणि नाव उघड करायला मनाई केली. भाऊ त्याला अडथळा म्हणतो. माझ्या मते तो कायदा आहे म्हणूनच ती दवाखान्याची पायरी चढते.

देखरेख हवीच, पण ती यंत्रणेवर. नंदुरबार, धुळे, जळगाव या तिन्ही जिल्ह्यांनी दरवर्षी जाहीर करावं: बाधित मातांच्या किती बाळांचा अठराव्या महिन्याचा निकाल हाती आला, आणि किती बाळं तपासण्यांतून मध्येच सुटली. नावं नकोत, आकडे द्या. आणि मुकादमाची गाडी सुटण्याआधी इकडच्या समुपदेशकाने तिकडच्या एआरटी केंद्राला फोन करून ती बाई पोचेल तिथे तिच्या गोळ्यांची सोय लावावी.